रोजची एक लाल ओळ

माझे धाकटे दीर, निकेतभावजी, कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं की तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसतात. समोर सख्खी आई असली तरी. सासूबाई चिडवतात, "बघ रं, बघ. माझ्या पासवर्डात काय सोना पुरून ठेवलाय?" भावजी मान वळवत नाहीत. कितीदा मी चहा घेऊन माडीवर गेले आणि पाहिलं, की किहीमहून आलेली कॉटेजवाली बाई एका बोटाने अक्षरं शोधते आहे आणि भावजी आमच्या शेवग्याकडे असे बघतायत, जणू त्याला आजच पहिली शेंग लागली.

ही सवय बेलापूरची. पेणला डिप्लोमा करून ते तिथल्या एका कंपनीत मेलचे सर्व्हर सांभाळायला लागले. त्यांच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की लोकांची पत्रं तुझ्या हातात आहेत, तेव्हा कोणाचा पासवर्ड विचारायचा नाही, बघायचा नाही, आणि कोणी आपणहून सांगायला लागला तर त्याला तिथेच थांबवायचं. पुढे सासरे अंथरुणाला खिळले. भावजी नोकरी सोडून गावी आले आणि माडीवर दोन कॉम्प्युटर मांडून हाच उद्योग स्वतःचा म्हणून सुरू केला. सर्व्हर भाड्याचा, दूर कुठेतरी ठेवलेला. पण त्याची सगळी देखभाल आमच्या माडीवरून. किहीमच्या कॉटेजवाल्या, मुरुडचे लॉजवाले, माणगावचा एक फरशीवाला, अशी किनारपट्टीवरची बारीकसारीक माणसं, ज्यांना स्वतःच्या नावाचा मेलचा पत्ता हवा असतो आणि मोठ्या कंपनीशी इंग्रजीत हुज्जत घालायची नसते, ती सगळी भावजींची गिऱ्हाइकं. गावाला हे काम कळायला वेळ लागला. सासूबाई सांगायच्या, "निकेत पोस्ट चालवतो, पन टपाल न्हाय वाटत." त्यातल्या त्यात तेच बरोबर होतं.

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे खारदेवी मीठ उत्पादक सोसायटी. तिचं ऑफिस आमच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे, पत्र्याचं. आणि सोसायटी म्हणजे बुधाजीकाका घरत. चेअरमन बदलत राहिले, सेक्रेटरी मात्र तेच. उंच, वाळलेले, मिठागरातल्या उन्हाने रापून कातडीला तांब्याचा रंग चढलेला. आमचं गाव पोयनाडच्या पुढे खाडीकाठी आहे. खाडीच्या बांधात फळ्यांचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला कधी ते उघडून मिठागरात पाणी घ्यायचं आणि कधी दाबून बंद ठेवायचं, हे ठरवायचं काम बुधाजीकाकांचं. ते सगळं तिथीवर चालतं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला पाणी ढिलं. शुक्ल पक्ष की वद्य पक्ष याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नसतं, दोन्हीकडची बीज सारखीच आणि दोन्हीकडची चतुर्थी सारखीच. त्यामुळे बुधाजीकाकांना तारीख विचारली तर थांबून आठवावी लागायची, तिथी मात्र जिभेवर. रोज सकाळी ऑफिस उघडायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघायचे, चष्मा लावायचे आणि मेल उघडून बसायचे. मुंबईच्या बर्फ कारखान्यांच्या मिठाच्या मागण्या, खारभूमीच्या कचेरीची पत्रं, सगळं त्या मेलवर येतं. काम झालं की मेल बंद करून, मग खिडकी बंद करून, मग कुलूप. मी कुंपणावरून त्यांना चहा द्यायची. त्यांचं ते टाइप करणं मला अजून दिसतं, एकेक अक्षर दाबून मान हलवणारं.

आता थोडं सर्व्हरचं सांगायला हवं. मला भावजींनी जसं समजावलं तसंच सांगते. पासवर्ड यंत्रात जसाच्या तसा ठेवलेला नसतो. आपण लाल मिरची, धणे, हळकुंड गिरणीत टाकून मसाला करतो, तशी त्याची पूड करून खात्यांच्या यादीत ठेवतात. पुडीवरून मूळ दाणे परत मिळत नाहीत, भावजींनाही नाही. आपण पासवर्ड टाइप केला की यंत्र त्याची पुन्हा पूड करतं आणि ठेवलेल्या पुडीशी ताडून बघतं. जुळली तर दार उघडतं.

गेल्या दिवाळीत भावजींनी सर्व्हर बदलला. जुना फार जुना झाला होता, त्यातली गिरणीही जुन्या पद्धतीची. नव्यात गिरणी बारीक दळणारी, जास्त भरवशाची. लोकांना त्रास नको म्हणून भावजींनी एक युक्ती केली. माणूस नव्या सर्व्हरवर पहिल्यांदा आला, की त्याने टाइप केलेलं आधी जुन्या पद्धतीने दळून ताडायचं. जुळलं, की तेच लगेच नव्या गिरणीत दळून ठेवायचं आणि जुनी पूड फेकून द्यायची. कोणाला काही कळणारही नाही. आणि खरंच कोणाला कळलं नाही. भावजी खूश होते. भाऊबीजेला नणंदबाई आल्या तेव्हा त्यांना स्वतःहून अनारसे वाढत होते, आमच्या घरात ते एरवी होत नाही.

भाऊबीज झाली, दोन दिवसांनी सोसायटी उघडली. बुधाजीकाकांनी मेल उघडली, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ती उघडेना.

त्या दिवसापासून जे सुरू झालं, ते दीड महिना चाललं. बुधाजीकाका हाक मारायचे, भावजी कुंपण ओलांडून जायचे. सर्व्हर व्यवस्थित चालू. किहीमची मेल उघडते, मुरुडची उघडते, फक्त सोसायटीची नाही. मग एके दिवशी अचानक उघडायची, दिवसभर सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी परत बंद. भावजींनी तारा तपासल्या, कीबोर्ड बदलला, सर्व्हर आणि खात्यांची यादी यांच्यात बोलणं नीट होतं की नाही ते पाहिलं, इकडचं तिकडे करून पाहिलं. दर वेळी विचारायचे, "काका, पासवर्ड तोच टाकताय ना, जो आधी टाकत होतात?" आणि काका म्हणायचे, "व्हय. जसा रोज टाकतो तसाच." काय टाकता, हे भावजींनी विचारलं नाही. काकांनी सांगितलं नाही. एक विचारणार नाही असं ठरवून बसलेला, दुसऱ्याला सांगायचं नाही असं बजावलेलं.

शेवटी मार्गशीर्षात भावजींनी सोपा उपाय केला. जुना पासवर्ड काढून टाकला आणि स्वतः एक नवा शब्द ठेवला. ऑफिसात तेव्हा मिठाच्या गाड्यांचं बोलायला चार सभासद आले होते, काकांचा पुतण्या प्रणयही होता. प्रणयचे स्वतःचे दोन ट्रक आहेत. मी कुंपणाजवळ वाल निवडत बसले होते. भावजींनी नवा शब्द काकांना सांगितला आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं. काकांनी टाइप केलं. नाही उघडलं. परत केलं. नाही. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ते एकेक अक्षर ओठांत पुटपुटत होते, ते मला तिथून दिसलं. भावजींना दिसलं नाही, ते खिडकीबाहेर बघत होते. मग भावजी खुर्चीत बसले, तोच शब्द टाइप केला, आणि मेल उघडली. बंद करून परत उघडली.

काका म्हणाले, "तू सांगितलास तसाच केला रं."

भावजी दीड महिन्याचे कंटाळलेले होते. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "काका, मशीन चुकत नाही. वय झालं की होतं असं. तुम्ही त्रास घेऊ नका, प्रणयला दाखवून ठेवतो."

कोणी हसलं नाही. प्रणयने ट्रकवाल्याला फोन लावायचं निमित्त करून बाहेरचा रस्ता धरला. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

त्यानंतरच्या गोष्टी मला कृष्णाबाईंकडून कळत गेल्या. कृष्णाबाई म्हणजे काकांची बायको. कुंपणाशी यायच्या, हातात आळवाचं पान नाहीतर दोन शेवग्याच्या शेंगा, आणि एकेक सांगायच्या. काकांनी ऑफिसच्या चाव्या प्रणयला दिल्या. आठवड्याने उघाडीचं कामही दिलं, म्हणाले, माझा भरवसा न्हाय, उद्या मी उधाणाला दार उघडा ठेवीन. त्यांचा मुलगा त्यांना अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे डॉक्टरांनी विचारलं, आज तारीख काय. काकांनी तिथी सांगितली, बरोबर सांगितली, पण डॉक्टरांना हवी होती तारीख. तिथून आल्यापासून त्यांना तिथीचाही विश्वास वाटेना. सकाळी कॅलेंडर बघायचे आणि बायकोला विचारायचे, "आज तिज ना?" त्या हो म्हणाल्या की परत कॅलेंडर बघायचे.

"मीठ घातला का भातात, हे पन मला इचारतात," कृष्णाबाई म्हणाल्या. "आयुष्य मिठात गेला त्यांचा."

मी हे भावजींना सांगितलं. ते ताट अर्धवट टाकून वर गेले. त्या दिवसापासून माडीवर काहीतरी परत उकरून काढायला लागले. सर्व्हर एक नोंद ठेवत असतो, कोण कधी आलं, दार उघडलं की नाही. काय टाइप केलं ते त्यात नसतं, ते भावजींनी स्वतःच बंद केलेलं. फक्त वेळ आणि निकाल. उघडलं तर हिरवी ओळ, नाही तर लाल. सोसायटीच्या खात्याच्या त्या दीड महिन्याच्या ओळी काढून बसले. लालच लाल, मध्ये कुठेतरी हिरवी.

पौषातली संकष्टी होती. मी दोन्ही चतुर्थ्या धरते, त्या दिवशी भावजींनाही खिचडी मिळते. ताटली घेऊन वर गेले तर ते हिरव्या ओळींच्या तारखा मोठ्याने वाचत होते. त्या दिवशी सर्व्हरवर काय वेगळं होतं ते शोधत होते. "मी स्वतः उघडली तो दिवस सोडला तर तीनच दिवस, वहिनी. या तीन दिवसांत असं काय होतं?" मी म्हटलं, परत वाचा. कॅलेंडरवर माझ्या उपासांना मी पेन्सिलीने गोल करते, आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर खाली अजून टांगलेलं होतं. खाली जाऊन बघून आले. तिन्ही तारखांना गोल होता.

"हे माझे उपासाचे दिवस आहेत," मी म्हटलं. "तिन्ही चतुर्थ्या."

भावजी हसले. मशीनही उपास धरतं वाटतं, म्हणाले. मग हसू तिथेच राहिलं आणि चेहरा उतरत गेला. 

त्यांना आठवलं होतं ते असं. सोसायटीची मेल सुरू करून दिली, त्या दिवशी त्यांनी काकांना पहिला पासवर्ड दिला, मिठागर. इंग्रजी अक्षरांत. काका नवे होते, शिकायची हौस होती, खूप प्रश्न विचारत होते. भावजींना मुरुडची गाडी पकडायची होती. निघता निघता म्हणाले, काका, हा शब्द कोणाला सांगायचा नाही, मलाही नाही, आणि बदलत राहायचा. कसा बदलायचा, काकांनी विचारलं. आणि भावजी चप्पल घालता घालता म्हणाले, शेवटी काहीतरी जोडायचं, रोज बदलणारं.

पासवर्ड बदलायचं वेगळं पान असतं, ते दाखवायचं राहूनच गेलं.

काकांच्या आयुष्यात रोज बदलणारं एकच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडर पाहिलं, मिठागरच्या पुढे त्या दिवसाची तिथी लिहिली, आणि मेल उघडली. तिसऱ्या दिवशी त्या दिवसाची तिथी. तीही उघडली. इतकी वर्षं रोज उघडत आली. काकांना वाटत होतं, मशीनला तिथी कळते. का कळू नये? त्यांना रोज कळते.

भावजींनी जुन्या सर्व्हरची प्रत काढली. मिठागरच्या पुढे पंचमी लिहिलं, उघडलं. दशमी लिहिलं, उघडलं. माझं नाव लिहिलं, तरी उघडलं. जुनी गिरणी पहिली आठच अक्षरं दळायची, पुढचं सगळं बाजूला सांडायची. आणि मिठागर इंग्रजीत बरोब्बर आठ अक्षरांत संपतो. नवी गिरणी सगळं दळते. भाऊबीजेनंतर काका पहिल्यांदा आले तो दिवस चतुर्थीचा. यंत्राने त्यांचा आख्खा शब्द, चतुर्थीसकट, दळून ठेवला. त्यानंतर दर चतुर्थीला दार उघडत होतं आणि इतर दिवशी बंद. आणि भावजींनी नवा शब्द दिला, त्याच्याही पुढे काकांनी त्या दिवसाची तिथी लिहिली असणार. त्यांच्या लेखी पासवर्ड तसाच असतो.

"आठ अक्षरांचं मला माहीत होतं," भावजी म्हणाले. "डिप्लोमाला शिकवलं होतं. मला माहीत होतं, वहिनी."

खिचडी तशीच गार झाली.

मला वाटलं होतं, ते तसेच उठून काकांकडे जातील. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कुंपणाकडची खिडकी लावून काम करायला लागले. बाजारात जाताना काकांच्या घरावरून जाणारा रस्ता सोडून देवळामागून जायचे. सासूबाईंनी विचारलं, पोराला काय झालाय, तर मी म्हटलं, पित्त. एकदा जिन्यात मला थांबवून त्यांनी हळूच विचारलं, कृष्णाबाई रोज येतातच, तर तुम्ही बोलता बोलता त्यांना सांगाल का. मी त्यांची वहिनी आहे. त्यांच्या बारावीच्या निकालाला पेढे मी आणले, ते बेलापूरला एकटे राहायचे तेव्हा डबे मी पाठवले. त्यांना नाही म्हणायची मला सवय नाही.

"तुम्ही चारचौघांत बोललात, भावजी," मी म्हटलं. "आता चारचौघांतच सांगा."

ते मान खाली घालून माडीवर गेले.

त्याच आठवड्यात प्रणयच्या शेतावर पोपटी होती. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी घालून मडकं पालथं करतात आणि भोवती जाळ लावतात. सोसायटीचे सगळे होते, बायकामाणसं होती. काका एका बाजूला चादर पांघरून बसलेले. पूर्वी जाळ किती ठेवायचा ते तेच सांगायचे. त्या संध्याकाळी कोणीतरी विचारलं तर म्हणाले, प्रणयला इचारा.

भावजी उभे राहिले. भाषण करायची त्यांना सवय नाही, आणि पासवर्डाची गोष्ट जाळाभोवती बसलेल्या माणसांना समजावणं सोपं नाही. अडखळत सांगत गेले. गिरणी, आठ अक्षरं, चतुर्थी. मध्येच मागून आवाज आला, "म्हंजे काका मशीनला पंचांग शिकवीत व्हते?" आणि हशा पिकला. मला वाटलं, आता भावजी खाली बसतील. ते थांबले, हशा संपू दिला, आणि म्हणाले, "हसायचं तर मला हसा. काकांनी एकही दिवस चुकीचं टाइप केलं नाही. मी सांगितलं तेच ते रोज करत होते. मी मात्र तुमच्या सगळ्यांसमोर म्हणालो, की त्यांचं वय झालं. चूक माझी होती."

प्रणय जाळ सारखा करत होता, त्याने काठी खाली ठेवली.

काकांनी चादर सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे त्याला तिथी कळतच नव्हती?"

"नाही, काका."

"मी कायपन लिवला असता तरी उघडला असता?"

"हो."

"दुसऱ्या कुनी लिवला असता तरी?"

भावजी जाळाकडे बघत म्हणाले, "हो. पहिली आठ अक्षरं ठाऊक असती तर."

काकांनी मान हलवली, टाइप करताना हलवायचे तशी. मडकं उघडायच्या आधीच उठले आणि कृष्णाबाईंना घेऊन घरी गेले. पोपटी चांगली झाली होती. भावजींनी हातात घेतलेली शेंग सोललीच नाही.

मला वाटलं होतं, काकांना सुटल्यासारखं वाटेल. कृष्णाबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की ते सकाळपासून जाळं विणत बसलेत, वर बघत नाहीत. तिथी विचारायचे थांबले, एवढंच. रागावलेत का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "राग न्हाय गो. इतकी वरसं दार उघडाच व्हता, त्याचा वाईट वाटला त्यांना. मी राखण करीत व्हतो म्हनतात, आनि दाराला कडीच न्हाय."

हे मी भावजींना जसंच्या तसं सांगितलं नाही. पण आमच्याकडे भिंती पातळ आहेत आणि कृष्णाबाईंचा आवाज मोठा. त्यानंतर ते माडीवरून फक्त जेवायला उतरायचे. काय करतायत, हे मला कळलं ते त्यांनी वर्षभराच्या तिथ्या उतरवून घ्यायला मला कॅलेंडर घेऊन वर बोलावलं तेव्हा. मी वाचत गेले, ते लिहीत गेले. कुठे वृद्धी होऊन एकच तिथी दोन दिवस आली, कुठे क्षय होऊन गळून गेली, तिथे दोनदा विचारून घेतलं. सोसायटीच्या खात्यापुरती त्यांनी यंत्राची रीत बदलली होती. शब्दाच्या शेवटची तिथी वेगळी काढायची, ती आजच्या तिथीशी ताडायची. उरलेला शब्द नेहमीसारखा आख्खा दळून पुडीशी ताडायचा. दोन्ही जुळलं तरच दार उघडायचं.

प्रणयने चाव्या आनंदाने परत दिल्या. मी गाड्या बघू का मेल बघू, असं तो पहिल्यापासून म्हणतच होता. त्या घेऊन भावजी काकांच्या घरी गेले. देवळामागून नाही, सरळ रस्त्याने. मलाही बरोबर नेलं, एकट्याने दार वाजवायचा धीर नव्हता. काका अंगणात जाळं विणत होते. भावजींनी काय केलंय ते सांगितलं. काकांनी विणणं थांबवलं नाही.

"आता खरंच कळंल त्याला?"

"कळेल, काका."

"मंग शब्द तुला ठाऊक असंल."

"नाही. शब्द तुम्ही ठरवा, तुम्हीच टाका. मला फक्त तिथी ठाऊक."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं आणि आत जाऊन चष्मा घेऊन आले.

पत्र्याच्या ऑफिसात गेलो. काकांनी कॅलेंडर पाहिलं. टाइप करायला बसले. भावजींनी तोंड फिरवलं. खिडकी बंद होती, तरी त्या बंद खिडकीकडे बघत उभे राहिले. बराच वेळ एकेका अक्षराचा टक टक आवाज येत राहिला. मेल उघडली. काकांनी ती बंद केली, परत उघडली, मग आलेली पत्रं खालपासून वाचायला घेतली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मागे पाहिलं नाही.

सगळं नीट झालं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी माडीवरून धावत उतरले. सोसायटीच्या खात्यावर लाल ओळ. पण लगेच खाली हिरवी. बोट चुकलं असेल, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी परत तसंच. आधी एक लाल, मग हिरवी. चौथ्या दिवशीही. भावजींनी आपलं सगळं काम पुन्हा तपासलं, माझ्याकडून तिथ्या परत वाचून घेतल्या. चूक सापडेना. शेवटी कुंपण ओलांडून गेले. या वेळी विचारायला शिकले होते. पासवर्ड नाही विचारला, पण विचारलं, काका, रोज पहिल्यांदा काय होतं?

काका मेलमधून मान वर न करता म्हणाले, "कालची तिथी घालतो. उघडतो का बघतो. न्हाय उघडला, की मंग आजची."

"कशासाठी, काका?"

"दोन महिने मी माझ्यावर शंका घेतली," काका म्हणाले. "आता त्याची पाळी."

भावजी परत आले ते ओट्यावर बसून राहिले. मी चहा दिला. म्हणाले, त्यांना थांबायला सांगू शकत नाही. मी म्हटलं, सांगूही नका.

आता उधाणाला काका परत उघाडीवर असतात. प्रणयचा ट्रक चिखलात रुतला की त्याला शिव्या देतात, पोपटीचा जाळ तेच ठरवतील पुढच्या वर्षी. भावजींना भेटले की बोलतात, पावसाचं, मिठाचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं. त्या दिवशीच्या बोलण्याचा विषय दोघांपैकी कोणीही काढत नाही. सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी दर सहा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात, तशी सोय आहे. सोसायटीच्या खात्याच्या मात्र भावजींनी राखून ठेवल्यात. रोज सकाळी माडीवर गेले की पहिल्यांदा ते खातं उघडतात. मी चहा टेबलावर ठेवते. लाल ओळ आलेली असते, काकांच्या ऑफिस उघडायच्या वेळेला, आणि तिच्याखाली हिरवी. भावजी हिरवीकडे बघत नाहीत. लालवर बोट ठेवून थोडा वेळ बसतात, मग कप उचलतात.